एका उड्डाणात दोनदा उजाडतं

आधी तुमचं वजन होतं, सामानाचं नंतर. ओव्हरकोट, बूट, खिशातली चिल्लर, सगळ्यासकट तुम्ही काट्यावर उभे राहता आणि कानाला पेन्सिल लावलेला कारकून आकडा वहीत टिपून घेतो. मग बॅग चढते. कारकून नुसतीच मान हलवतो. तुम्ही दोन जाडजूड पुस्तकं आणि बुटांचा जादा जोड काढून त्याच्या हवाली करता. ‘‘बोटीनं पाठवू,’’ तो म्हणतो. कुठल्या बोटीनं आणि कधी, हे तुम्ही विचारत नाही. युद्ध चालू असताना असले प्रश्न विचारायचे नसतात.

साल १९४३, महिना ऑगस्ट, गाव पर्थ. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला हा हिवाळा आहे आणि पहाटेच्या अंधारात स्वान नदीवरून येणारा वारा कोटाच्या आत शिरतो. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे दोन विमानतळांची नावं फोनमध्ये घातली की अंतर आणि वेळ जोडीनं समोर येतात. इथे त्यातलं एकच मिळतं. पर्थ ते सिलोनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कोग्गला हे अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर आहे, हे कोणीही सांगेल. वेळेचं विचारलंत तर उत्तर येतं, ‘‘सत्तावीस तास. किंवा बत्तीस. वारा कसा असेल तसं.’’

वाटेत कुठे थांबणार? कुठेच नाही. सबंध वाट समुद्रावरून जाते.

ही सेवा कुठल्या वेळापत्रकात छापलेली नाही. क्वांटास कंपनी ती ब्रिटिशांच्या साथीनं चालवते. आठवड्यातून एक फेरी ठरली आणि १० जुलैपासून ती सुरू झाली, एवढंच संबंधितांना ठाऊक आहे. युद्धाच्या आधीची गोष्ट वेगळी होती. १९३८पासून सिडनीच्या रोझ बे बंदरातून निघालेली ऐसपैस फ्लाइंग बोट सिंगापूर, कलकत्ता, कराची असे टप्पे घेत नऊ-दहा दिवसांत इंग्लंडच्या साउदम्प्टनला पोचायची. आपल्या बाजूला ती अलाहाबादला उतरायची, शिंद्यांच्या ग्वाल्हेरला तलावात उतरायची, मेवाडात राजसमंदच्या पाण्यावर टेकायची. प्रवासी संध्याकाळी हॉटेलात जेवून झोपायचे. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं आणि त्या साखळीची मधली कडीच निखळली. त्याच्या आधीच, ३० जानेवारीला, क्वांटासची ‘कोरिओ’ ही फ्लाइंग बोट तिमोरजवळ जपानी लढाऊ विमानांनी पाडली होती. अठरा माणसांपैकी तेरा गेली. फेब्रुवारी संपता संपता ‘सर्सी’ जावाहून निघाली ती बेपत्ताच झाली. मार्चमध्ये अंदमान जपान्यांच्या ताब्यात गेलं. लंडन आणि सिडनी यांच्यामध्ये एवढं मोठं भगदाड पडलं, की ते बुजवायला हिंदी महासागर एका दमात ओलांडण्याशिवाय दुसरा मार्ग उरला नाही.

एका दमात ओलांडू शकेल असं विमान मात्र कोणाकडे नव्हतं. जे होतं त्याला तसं करायला लावलं गेलं, असं म्हणणं जास्त खरं ठरेल.

लाँच तुम्हाला विमानाकडे घेऊन जाते. कॅटलिना : खाली होडीचं पोट, वर खांबावर पेललेला लांबलचक पंख, पंखावर दोन इंजिनं. अशी पाच कॅटलिना या कामावर आहेत आणि दिशा दाखवणाऱ्या ताऱ्यांवरून त्यांची नावं ठेवलीयत. आल्टेअर स्टार, व्हेगा स्टार, रायजेल स्टार, अँटारेस स्टार, स्पायका स्टार. आपल्या पंचांगातल्या ओळखीनं सांगायचं तर श्रवण, अभिजित, मृगातला राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. आज तुमच्या वाट्याला अँटारेस आली आहे असं धरून चालू.

दारातून वाकून आत शिरताच पेट्रोलचा वास येतो. त्याचं कारण समोरच आहे : जिथे माणसं बसायची त्या पोटात जादा टाक्या बसवल्या आहेत. बंदुका उतरवल्या, चिलखती पत्रे काढले, बर्फ झटकायची यंत्रणाही काढली आणि वाचलेल्या प्रत्येक पौंडाच्या जागी पेट्रोल भरलं. एकूण ९,००० लिटर. भरलेल्या विमानाचं वजन सोळा टन होतं, बनवणाऱ्यांनी नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त. एवढं पेट्रोल चढवल्यावर माणसांसाठी जे उरलं ते असं : पाच कर्मचारी, जास्तीत जास्त तीन प्रवासी आणि सुमारे ६९ किलो टपाल. टपालाच्या पिशवीत सैनिकांची पत्रं सूक्ष्म फिल्मवर उतरवलेली आहेत, म्हणजे कागदाचंही वजन वाचलं. तुमच्या दोन पुस्तकांना जागा का नव्हती हे आता कोणी समजावून सांगायला नको.

इंजिनं सुरू होतात आणि बोलणं थांबतं. पुढचे सत्तावीस-अठ्ठावीस तास कोणाला काही सांगायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं किंवा चिठ्ठी लिहायची. वैमानिक डोक्यावरचे थ्रॉटल पुढे रेटतो. खालून पाण्याचे फटके बसायला लागतात, पत्रा थरथरतो, किनाऱ्यावरचे दिवे मागे पळतात, आणि तरी नदी काही सुटत नाही. तुम्ही नकळत मुठी आवळता. मग फटके विरळ होतात, एक शेवटचा बसतो आणि संपतात. विमान हवेत आहे, पण चढत नाही. शहराच्या छपरांवरून जेमतेम निघून ते किनारा ओलांडतं आणि लाटांपासून फार वर न जाता वायव्येला तोंड करतं. मागे, ऑस्ट्रेलियाच्या जमिनीवर, सूर्य वर येतो. हा पहिला.

आता गणित ऐका, कारण दिवसभर करायला दुसरं काही नाही. कॅटलिनाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याकडची बरी एक्स्प्रेस गाडीही कधीमधी त्याच्या निम्म्याहून जोरात धावते. तुम्हाला वाटेल, थोडं जोरात नेलं तर रात्र वाचेल. रात्र वाचेल, पण सिलोन येणार नाही. विमान जोरात नेलं की दर किलोमीटरमागे पेट्रोल जास्त जळतं. एका ठराविक मंद चालीला ते सर्वांत कमी जळतं आणि ती चाल धरली तरच ५,६५० किलोमीटरचा हिशेब जुळतो. त्यात समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा लागला, तर अठ्ठावीस तासांत साडेपाचशे किलोमीटर वाऱ्याच्या नावे जमा होतात, म्हणजे आणखी तीन तास आणि तेवढं जादा पेट्रोल. ‘सत्तावीस किंवा बत्तीस’ या उत्तरात बेफिकिरी नव्हती, उलट त्याहून नेमकं उत्तर देणं खोटेपणाचं झालं असतं. वेगाचं कौतुक करणाऱ्या आपल्या काळाला हे पचायला जड जातं, पण या सगळ्या बेतातली कारागिरी हळू जाण्यात आहे.

फ्लाइट इंजिनिअर बसतो ती जागा पाहण्यासारखी आहे. पोट आणि पंख यांना जोडणाऱ्या खांबातच त्याची बैठक आहे. तो माळ्यावर चढल्यासारखा वर जातो आणि खालून तुम्हाला त्याचे फक्त पाय दिसतात. समोर पेट्रोलच्या काचनळ्या, तापमानाचे, दाबाचे काटे. दर थोड्या वेळानं तो हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाचा दांडा केसभर हलवतो, आवाजाकडे कान देतो, पुन्हा केसभर मागे घेतो. मिश्रण जितकं विरळ तितकं पेट्रोल वाचतं, पण फार विरळ केलं तर इंजिन तापतं. त्याच्या हाताच्या त्या केसभर हालचालीवर आपण किती दूर जाऊ शकतो ते ठरतंय, हे एकदा लक्षात आलं की तुमची नजर त्या दोन पायांवरून हटत नाही.

एक इंजिन बंद पडलं तर? सुरुवातीचे कितीतरी तास याचं उत्तर वाईट आहे. एका इंजिनावर एवढं वजन हवेत राहत नाही. पेट्रोल समुद्रात सोडून हलकं व्हावं, तर मग जमीन गाठण्यापुरतं ते उरत नाही. हे तुम्हाला कोणी सांगत नाही आणि तुम्हीही विचारू नका. जेवणाचा डबा उघडा. थंड सँडविच आहेत, थर्मासमध्ये चहा आहे. दुपार निळी, लांब आणि अत्यंत कंटाळवाणी आहे. साहसाच्या गोष्टी लिहिणारे हा कंटाळा नेहमी गाळतात, पण अशा प्रवासाचा मोठा भाग तोच असतो.

संध्याकाळ होते तेव्हा तेरा तास झालेले असतात आणि तुम्ही निम्म्या वाटेच्या जरा अलीकडे आहात. डावी-उजवी कुठेतरी कोकोस बेटं असतील. ती ब्रिटिशांकडे आहेत, पण जपानी टेहळणीच्या टप्प्यात. उजव्या हाताला दूर सुमात्रा, पुढे उत्तरेला अंदमान, दोन्हीकडे जपानी तळ. निघायची वेळ पहाटेची का धरली ते आता उलगडतं : धोक्याचा पट्टा अंधारात पार व्हावा म्हणून. विमानावर बंदूक नाही, वेग नाही, सोबतीला लढाऊ विमान नाही. सोबत अंधाराचीच. रेडिओवाला कानाला हेडफोन लावून बसला आहे. हवामानाचे मोर्स संदेश तो टिपतो, स्वतः मात्र चावीला हात लावत नाही. इथून एक शब्द गेला तरी कोणाला तरी आपली जागा कळेल.

म्हणजे आपली जागा आपल्यालाही कोणी सांगणार नाही. ती वरून काढायची.

नॅव्हिगेटर सेक्स्टंट घेऊन मागच्या काचेच्या फुगवट्याकडे जातो. तुम्ही त्याच्या मागोमाग सरका. ऑगस्टची रात्र यासाठी फार उदार आहे. चित्रा पश्चिमेला कलली आहे, ती पहिली धरायची, कारण ती लवकर मावळेल. ज्येष्ठा तांबूस आणि उंचावर आहे. उत्तरेला अभिजित, त्याच्या उजवीकडे श्रवण चढतो आहे. दक्षिणेला त्रिशंकू खाली उतरतो आहे. नॅव्हिगेटर एक तारा पकडतो, बुडबुड्याच्या मधोमध आणतो, धरून ठेवतो. विमान हेलकावतं, तारा सुटतो, तो पुन्हा धरतो. मग घड्याळाकडे नजर आणि कोन वहीत. त्या घड्याळाला तो फार जपतो, कारण पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. विषुववृत्तापाशी एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. घड्याळ चार मिनिटं चुकलं तर सिलोन एवढं बाजूला सरकतं, आणि सिलोन चुकलं तर मागे फिरायला पेट्रोल नाही.

एका ताऱ्यावरून नकाशावर एक रेघ मिळते आणि आपण त्या रेघेवर कुठेतरी असतो. दुसऱ्या ताऱ्याची रेघ तिला छेदते, तिसरी आली की लहानसा त्रिकोण उरतो. बारीक पेन्सिलनं तो त्रिकोणात टिंब देतो आणि शेजारी वेळ लिहितो. मग वारा किती ढकलतोय ते बघायला एक पेटता फ्लोट समुद्रावर टाकतात. ती ज्योत मागे सरळ रेषेत राहते की बाजूला जाते, त्यावरून विमान किती वाहवलं ते कळतं. दिवसा हे सुख नव्हतं. दिवसा एकच सूर्य, आणि त्याची एकच रेघ.

मधेच ढग येतात. तासभर, दीड तास काही दिसत नाही. तो सेक्स्टंट मांडीवर घेऊन बसून राहतो आणि मागच्या टिंबापासून होकायंत्र, वेग आणि वारा यांच्या अंदाजानं पुढची रेघ ओढतो. या वेळी त्याच्याशी बोलू नये.

थंडी वाजते. उष्णकटिबंध आहे, पण विमान आता हलकं होऊन वर चढलंय आणि आत तापवायची काही सोय नाही. झोप लागते, तुटते. विषुववृत्त कधी ओलांडलं तुम्हाला कळत नाही. मध्यरात्र उलटून दोन-तीन तास झाल्यावर पूर्वेला मृग उगवतो आणि त्यातला राजन्य. पाच विमानांच्या नावांचे पाचही तारे एका रात्रीत तुम्ही पाहिलेत. रायजेलवाले उशिरा येतात, असला विनोद इथे नक्की चालत असणार.

मग उजाडतं. पहिल्या सूर्योदयानंतर चोवीस तासांनी नाही, त्याहून उशिरा, कारण तुम्ही सूर्यापासून पळत होतात. पर्थ आणि कोग्गला यांच्यात साधारण साडेपस्तीस रेखांशांचं अंतर आहे. अंशाला चार मिनिटं धरली तर पश्चिमेला जाताना दिवस सव्वादोन तासांहून थोडा जास्तच लांबतो. त्यातून पर्थच्या हिवाळ्यातली लांब रात्र सोडून आलात म्हणून काही मिनिटं परत मिळतात. हिशेब कसाही मांडा, एकाच उड्डाणात, पाय एकदाही जमिनीला न लावता, सूर्य दुसऱ्यांदा उगवला आहे. या वेळी प्रकाश मागून येतो आणि समोर ढगांची एक रांग जागची हलत नाही. ढग तसे थांबले की खाली जमीन असते.

कोग्गलाचं तळं समुद्राला लागूनच आहे. मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावरून रस्ता आणि मातारेकडे जाणारी रेल्वे. विमान माडांच्या शेंड्यांवरून खाली येतं आणि पाण्यावर टेकतं. इंजिनं बंद होतात. कान इतके बधिर झालेत की लाँचवाला काय म्हणतो ते तुम्ही त्याच्या ओठांवरून ओळखता.

ही जागा आयती मिळालेली नाही. हवाई तळ करायला इथलं गाव उठवण्यात आलं. ज्या थोड्या वास्तू वाचल्या त्यांतली एक म्हणजे लेखक मार्टिन विक्रमसिंह यांचं जन्मघर. याच तळ्यातल्या बेटाभोवती फिरणारी त्यांची ‘मडोल दूव’ ही कादंबरी अजून चार वर्षांनी, १९४७ साली येणार आहे. आणि याच पाण्यावरून ४ एप्रिल १९४२ला कॅनडाचे लेनर्ड बर्चल यांची कॅटलिना टेहळणीला निघाली होती. त्यांनी जपानी विमानवाहू जहाजांचा ताफा हेरला, संदेश पाठवला आणि ते पाडले गेले. संदेश पोचला होता. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बॉम्ब पडले तेव्हा शहर बेसावध नव्हतं. तुम्ही रात्री ज्या अंधाराच्या भरवशावर आलात त्याची किंमत इथल्या लोकांना चांगली ठाऊक आहे.

तुमच्या हातात एक छापील कागद देतात. ‘सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’ या गुप्त मंडळाचे तुम्ही सभासद झालात, कारण चोवीस तासांहून जास्त वेळ तुम्ही सलग हवेत काढला. युद्धाच्या धामधुमीत हे सुचणारी माणसं मला आवडतात. कागदाचं वजन कोणी केलं असेल का, हा प्रश्न मात्र राहतोच.

लंडन अजून लांब आहे. इथून कराची, तिथून पुढे दुसऱ्या विमानानं. काही काळानं हीच कॅटलिना कराचीपर्यंत जाऊ लागेल. १८ जुलै १९४५पर्यंत पर्थ आणि कोग्गला यांच्यामध्ये एकूण २७१ उड्डाणं होतील, त्यांतलं सर्वांत लांबलेलं ३२ तास ९ मिनिटांचं. एकही माणूस दगावणार नाही. जून १९४४मध्ये लिबरेटर विमानं येतील, ती हाच समुद्र सतरा तासांत पार करतील, त्यांच्या अंगावर कंपनीचा कांगारू रंगवला जाईल आणि त्यांच्या प्रवाशांना एकाच सूर्योदयावर समाधान मानावं लागेल. पाचही कॅटलिनांचं पुढे काय झालं ते ऐकून वाईट वाटतं. अमेरिकेशी झालेल्या लेंड-लीज कराराप्रमाणे युद्ध संपल्यावर त्या वापरात ठेवता येत नव्हत्या, म्हणून समुद्रात नेऊन बुडवल्या. चार पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटाजवळ, एक सिडनीपुढे. कायद्यानं बरोबर असेल. मला तो करंटेपणाच वाटतो.

आता तुम्ही तुमच्या काळात परत या. मार्च २०१८पासून पर्थहून लंडनला विनाथांबा विमान जातं, १४,४९८ किलोमीटर, सतरा-साडेसतरा तासांत. अँटारेसच्या चालीनं त्याला तीन दिवस लागले असते. घड्याळावर मोजलं तर मात्र कॅटलिनाच्या बत्तीस तासांच्या जवळपासही आजचं कुठलं नियमित प्रवासी विमान जात नाही.

त्या कॅटलिनांच्या आठवणीला जागून क्वांटासनं सिडनी-लंडन विनाथांबा बेताचं नाव ‘प्रोजेक्ट सनराइज’ ठेवलं. नोव्हेंबर २०१९मध्ये त्याची चाचणी झाली. लंडनहून सिडनी, १७,८०० किलोमीटर, १९ तास १९ मिनिटं, आणि वाटेत दोन सूर्योदय. चाचणीच्या त्या ड्रीमलायनर विमानात दोनशेवर खुर्च्या होत्या. माणसं बसली पन्नासेक, कारण भरलेलं विमान तेवढं लांब गेलंच नसतं. नेहमीच्या सेवेसाठी जी एअरबस ए-३५० मागवली आहेत त्यांत इतर कंपन्या तीनशेहून जास्त प्रवासी बसवतात. इथे २३८ बसतील, आणि शेपटीकडे २०,००० लिटरची एक जादा टाकी असेल.